वाढत्या वयात गुडघ्याचं लिगामेंट फाटलं? या चुका टाळा

पिशवीतून एक्स-रे काढून आई तो खिडकीच्या उजेडात धरते आणि बोट ठेवून विचारते, "मॅडम, ही आडवी रेघ बघा. इथं तर सरळ चीर दिसतेय, आणि डॉक्टर म्हणतात हाडाला काही झालेलं नाही." आठवीतला मुलगा शेजारी पाय लांब करून बसलेला असतो.

ती चीर नसते, ग्रोथ प्लेट असते. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला आणि नडगीच्या वरच्या टोकाला कुर्चेची एक चकती असते आणि तिथंच नवीन हाड तयार होतं. कुर्चा एक्स-रेत उमटत नाही, म्हणून काळी रेघ दिसते. पायाची सगळ्यात जास्त वाढ गुडघ्यापाशीच होते. मांडीच्या बाजूनं वर्षाला साधारण एक सेंटीमीटर आणि नडगीच्या बाजूनं सहा मिलिमीटर. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत ही दोन हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट, या दोन्ही चकत्यांच्या अगदी जवळ चिकटलेलं असतं. फाटलेल्याच्या जागी नवं बसवायच्या मोठ्यांच्या ऑपरेशनमध्ये सर्जन तिथंच बिनधास्त ड्रिल मारतो, मुलाच्या गुडघ्यात मात्र त्याला दहादा विचार करावा लागतो.

मी कोल्हापुरात फिजिओथेरपी करते. इथं पेठापेठांत फुटबॉल चालतो, आजूबाजूच्या गावांत कबड्डी, त्यामुळे असे गुडघे बरेच हाताखालून जातात. घरोघरी होणाऱ्या चुका मात्र त्याच त्याच.

मालिश आणि लेप

धावताना गर्रकन वळला, कुणी धरलं-ढकललं नव्हतं, गुडघ्यात 'टक्' असा आवाज आला, आणि घरी पोहोचेपर्यंत गुडघा नारळासारखा फुगला. इतक्या झपाट्यानं आलेली सूज म्हणजे बहुतेक वेळा सांध्यात रक्त साचलेलं असतं. त्यावर गरम तेलानं चोळलं की सूज आणखी वाढते. बर्फ, क्रेप बँडेज, पाय उंचावर आणि दोन दिवसांच्या आत हाडांचे डॉक्टर, एवढंच करा.

एक्स-रे टाळू नका. "लिगामेंटच फाटलंय, मग एक्स-रे कशाला?" असं म्हणणारे भेटतात. मुलांमध्ये कधी कधी लिगामेंट शाबूत राहतं आणि ते जिथं चिकटलेलं असतं तो नडगीचा तुकडाच उचकटून येतो. त्याचा उपचार वेगळा, आणि तुकडा सरकला असेल तर लवकर करावा लागतो. गुडघा अडकून बसला आणि सरळच होईना, तर दोन हाडांमधल्या गादीचा, म्हणजे मेनिस्कसचा, फाटलेला भाग मध्ये आलेला असू शकतो. तिथं आठवडाभर वाट पाहायची नसते.

"मोठा झाल्यावर बघू"

सगळ्यात महाग पडते ती हीच चूक. पूर्वी बरेच डॉक्टरही हेच सांगत, कारण ग्रोथ प्लेटला धक्का नको. भीती खरी होती. पण मधल्या दोन-तीन वर्षांत मूल काही पाय उशाशी घेऊन पडून राहत नाही. सूज दोन-तीन आठवड्यांत उतरते, दुखणं थांबतं आणि ते परत मैदानात जातं. मग गुडघा सटकतो. कधी जिन्यात, कधी सायकलवरून उतरताना. घरी कळतही नाही, कारण सांगितलं तर खेळ बंद होणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. दर सटक्याला आतली गादी थोडी चिरडते. नवं लिगामेंट बसवता येतं, पण चिरडून गेलेली गादी परत आणता येत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला त्या गुडघ्यावर अजून साठ वर्षं काढायची असतात.

याचा अर्थ प्रत्येक मुलाचं ऑपरेशन झालंच पाहिजे असा नाही. गादी शाबूत आहे, गुडघा सटकत नाही, व्यायाम मनापासून होतोय आणि झपकन वळावं लागणारे खेळ बंद ठेवायची घरच्यांची तयारी आहे, अशा मुलांना विनाऑपरेशन ठेवता येतं. पण त्यात ठरावीक काळानं तपासणी असते, आणि गुडघा एकदा जरी सटकला तरी निर्णय नव्यानं घ्यायचा असतो. मुलाला रागावून विचारू नका. "पाय मध्येच दगा देतो का रे?" एवढं सहज विचारलं की खरं बाहेर येतं.

दाखल्यावरचं वय धरून चालणं

तेरा वर्षांची दोन मुलं शेजारी उभी करा. एकाला मिसरूड फुटलेली, दुसरा अजून पाचवीतला वाटतो. ऑपरेशन ठरतं ते हाडांच्या वयावरून. त्यासाठी डाव्या हाताचा, मनगट-बोटांचा एक साधा एक्स-रे पुरतो. क्रिकेटवाल्या पालकांना हा माहीत असतो, कारण वयचोरी पकडायला क्रिकेट बोर्ड हाच वापरतं. इथं मात्र तो तुमच्याच मुलाच्या फायद्याचा आहे.

सर्जन ढोबळ हिशोब असा मांडतात: मुलींची गुडघ्यापाशची वाढ हाडांच्या चौदाव्या वर्षापर्यंत, मुलांची सोळाव्यापर्यंत. म्हणजे हाडांनी अकरा वर्षांच्या मुलाची गुडघ्यापाशी अजून सात-आठ सेंटीमीटर वाढ बाकी आहे. तिथं चूक झाली तर एक पाय आखूड राहील, किंवा वाकडा वाढून गुडघ्याला गुडघा घासेल. हाडांनी तेरा वर्षांच्या मुलीची जेमतेम दीड सेंटीमीटर उरलेली असते, तिथं सर्जनला हात बराच मोकळा मिळतो.

मुलीच्या बाबतीत पाळी कधी सुरू झाली हे डॉक्टरांना आपणहून सांगा. बाबा सोबत असले की आई हा विषय गिळून टाकते आणि मुलगी खाली बघते. पाळी सुरू झाल्यावर वाढीचा वेग उतरणीला लागतो, म्हणून ती तारीख इथं एमआरआयइतकीच कामाची.

मोठ्यांचंच ऑपरेशन लहान मापात

सर्जनला प्रश्न विचारायला आपल्याकडे संकोच वाटतो. तरी एक विचाराच: "हिची ग्रोथ प्लेट तुम्ही कशी सांभाळणार?" उत्तर साधारण तीन प्रकारचं येईल. अगदी लहान मुलांत हाडात बोगदा न पाडता मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या आयटी बँड नावाच्या चिवट पडद्याची पट्टी वळवून आत घेतात. बोस्टनच्या मिकेली आणि कोचर या सर्जनांनी ही पद्धत रुळवली. दुसरा मार्ग म्हणजे बोगदा ग्रोथ प्लेटच्या अलीकडेच, हाडाच्या टोकातच ठेवायचा. त्यात जागा फार थोडी असते. तिसरा, वाढ संपत आलेल्यांसाठी: बोगदा प्लेटमधूनच न्यायचा, पण बारीक, उभट आणि शक्य तितका मधोमध. आत मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगसारखी मऊ कंडरा (टेंडन) भरायची. प्लेटच्या जागी हाडाचा तुकडा किंवा स्क्रू आला तर तिथं हाडाचा पूल बनतो आणि तेवढ्या भागाची वाढ अडते. म्हणूनच वाटीखालची, दोन्ही टोकांना हाड असलेली पट्टी मोठ्या खेळाडूंना चालते, पण वाढ बरीच बाकी असलेल्या मुलात टाळतात.

"त्याच्या अंगाचं कशाला कापता, दात्याची कंडरा मिळते ना?" असंही कुणी सुचवतं. कोवळ्या, खेळत्या वयात ती तुटण्याचं प्रमाण जास्त आहे. स्वतःचीच बरी.

आजीची उशी

ऑपरेशन नीट झालं, टाके निघाले, आणि तिसऱ्या आठवड्यात मूल माझ्याकडे येतं ते गुडघा किंचित वाकवून. घरी विचारावं तर कळतं, आजीनं मायेनं गुडघ्याखाली मऊ उशी ठेवलेली. तसं ठेवलं की बरं वाटतं, म्हणूनच ती घात करते. गुडघा वाकलेलाच आखडतो, आणि पूर्ण सरळ न होणारा गुडघा घेऊन चालणारं मूल पुढं कायम लंगडतं.

उशी काढा. टॉवेलची गुंडाळी करून टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या. मग मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा आणि पाचपर्यंत मोजायचं. पहिल्या दोन आठवड्यांत गुडघा दुसऱ्या पायाइतका सरळ झाला पाहिजे. वाकवायची घाई नको, वाकणं मागाहून येतं. गादीलाही टाके घातले असतील तर उकिडवं बसणं आणि मांडी घालणं सर्जन सांगतील तितके महिने बंद. घरात भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची ऑपरेशनच्या आधीच आणून ठेवा, डिस्चार्जच्या संध्याकाळी धावाधाव नको.

कॅलेंडर बघून मैदानात

तिसऱ्या महिन्यात मुलाला वाटतं आपण ठणठणीत. याच सुमारास नवं लिगामेंट सगळ्यात कच्चं असतं. बसवलेल्या कंडरेत नवा रक्तपुरवठा शिरून तिचं लिगामेंट व्हायला महिनेच लागतात. आणि जिल्हा निवड चाचणी नेमकी तेव्हाच येते. कोच म्हणतो, "नीकॅप घालून उतरव, जड खेळवत नाही." नीकॅपनं एसीएल सांभाळलं जात नाही.

२०१६ सालच्या एका मोठ्या आढाव्यात, पंचवीस वर्षांखालच्या, खेळात परतलेल्या खेळाडूंपैकी २३ टक्क्यांच्या आसपास जणांचं एसीएल पुन्हा फाटलेलं आढळलं, कधी तोच गुडघा, कधी दुसरा. मुलांच्या एसीएलबद्दल आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१८ साली तज्ज्ञांचं जे एकमत मांडलं, त्यात मुलांनी ऑपरेशननंतर किमान बारा महिने तरी स्पर्धेत परतू नये असं आहे. तरी बारा महिने झाले म्हणून मी कुणाला सोडत नाही. मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या नव्वद टक्के तरी हवी. एका पायावरच्या उड्यांचं अंतर जवळपास सारखं हवं. शिवाय फूटभर उंच पायरीवरून उडी मारायला लावून मी मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करते. पाय टेकताना गुडघा आत कोसळतो का, ते मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी बघू देते. माझ्या दहा मिनिटांच्या बोलण्यापेक्षा त्याला ते लवकर पटतं. परतल्यावर सराव सुरू होण्याआधी वीस मिनिटं फिफा ११+ किड्ससारखा, म्हणजे दुखापत टाळण्यासाठी आखलेल्या व्यायामांचा, वॉर्मअप ठेवा. मैदानाला चार चकरा मारल्या म्हणजे वॉर्मअप झाला, असं होत नाही.

खेळायला लागला, म्हणजे फाइल बंद

ऑपरेशननंतर वाढ थांबेपर्यंत सर्जनकडे जात राहायचं असतं. सहा महिन्यांनी किंवा सांगतील तेव्हा खुब्यापासून घोट्यापर्यंत, उभं राहून, दोन्ही पायांचा एकत्र एक्स-रे. गुडघा दुखत नाही म्हणून हे हमखास राहून जातं. पाय आखूड किंवा वाकडा होत असेल तर वाढ बाकी असतानाच लहानशा ऑपरेशननं तो सावरता येतो, नंतर हाड कापावं लागतं. घरात बघायचं ते सोपं आहे. शाळेची नवी पँट शिंप्याकडे द्याल तेव्हा मुलाला अनवाणी सरळ उभं करा आणि दोन्ही पायांची दुमड एकाच जागी येते का ते बघा. एका बाजूला बोटभर जास्त दुमडावं लागलं, तर पँट शिंप्याकडे राहू द्या आणि अपॉइंटमेंट घ्या.