आधी अळ्या काढायला शिका

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना मी पहिल्यांदा ऐकले की माशीच्या अळ्या जखम साफ करतात. १९१७ साली, पहिल्या महायुद्धात, विल्यम बेअर या अमेरिकी शल्यविशारदाकडे दोन सैनिक आले. सात दिवस रणांगणावर पडलेले, मांडीची हाडे मोडलेली, जखमांत अळ्या बुजबुजलेल्या. पण अंगात ताप नाही, आणि अळ्या धुऊन काढल्या तर खाली गुलाबी, ताजे मांस! ही गोष्ट मनात घोळवत मी सुट्टीत गोव्याला आले आणि तोंडघशी पडले.

सत्तरी तालुक्यातली एक वाडी, जुलैचा पाऊस. गायीच्या शिंगाच्या मुळाशी जखम, आत अळ्या. मी इंटर्न, वरिष्ठांच्या मागून गेलेली. न राहवून बोलून गेले, "एक दिवस राहू द्या ना, साफ करतायत त्या." गायीचे मालक काका माझ्याकडे बघतच राहिले. "बाय, साफ नाही करीत, गाय खातायत त्या. बोट घालून बघ." हातमोजा घालून बोट घातले, ते मुळापर्यंत आत गेले.

तेव्हा गोव्यात जनावरांचा डॉक्टर व्हायला निघालेल्यांनी ही उलटी बाजू आधी शिकावी असे मला वाटते. उपचारासाठी वापरतात ती प्रामुख्याने लुसिलिया सेरिकाटा या हिरव्या माशीची अळी. आपल्याकडे गुरांच्या जखमेत बहुतेक वेळा सापडते ती क्रायसोमिया बेझियाना. हिला जिवंत मांसच लागते. माशी जखमेच्या कडेला शे-दोनशे अंडी घालते, दिवसभरात अळ्या बाहेर पडतात आणि डोके खाली घालून स्क्रूसारख्या आत शिरतात. पाच-सात दिवस पोट भरले की मातीत पडून कोष करतात. वासराची ओली बेंबी, व्यालेल्या म्हशीचे गुप्तांग, कुत्र्याच्या कानामागची चावल्याची खूण, एवढे तिला पुरते. पावसात रस्त्यावर बसणाऱ्या मोकाट गुरांच्या जखमा तर तिला आयत्याच मिळतात. (बंदी असलेल्या धिरयोतल्या, म्हणजे बैलांच्या झुंजीतल्या, बैलाची जखम आली तर मालक "तारेला घासला" म्हणेल. वाद घालू नका, जखम किती खोल आहे ते बघा.)

ओळखायचे कसे? क्रायसोमियाच्या अंगावर काट्यांचे ठळक पट्टे असतात. मागच्या टोकाची श्वासछिद्रे सूक्ष्मदर्शकाखाली बघा: लुसिलियात त्यांच्या भोवतीचे काळे कडे पूर्ण बंद असते, क्रायसोमियात एका जागी उघडे. गोठ्यात सूक्ष्मदर्शक नसतो, म्हणून नियम सोपा ठेवा. स्वतःहून जखमेत आलेली अळी काढायचीच.

काढण्याचे काम किळसवाणे आणि वेळखाऊ आहे. केस कापा. गुरांमध्ये टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला गॉज काही मिनिटे जखमेत दाबून ठेवला की अळ्या श्वासासाठी वर येतात, मग चिमट्याने एकेक उचला. आत मेलेल्या तशाच राहिल्या तर तिथेच कुजतात. जखम धुवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा, कारण बारक्या नेहमी सुटतात. कुत्र्या-मांजरांना टर्पेंटाइन नको, ती चाटतात. मांजराला फिनाइल तर विषच, पण लोक ओतून आणतात. आयव्हरमेक्टिन या परोपजीवी मारणाऱ्या औषधाचे इंजेक्शन उपयोगी पडते, मात्र दुभत्या जनावराला दिले तर ते दूध डेअरीला घालता येत नाही, हे सुई टोचण्याआधी सांगा. मी एकदा नंतर सांगितले आणि भर गोठ्यात खूप ऐकून घेतले. कोली जातीच्या कुत्र्यांना हे औषध फार जपून, शक्यतो नकोच.

मग अळी-उपचार थोतांड आहे का? मुळीच नाही. बेअरने पुढे हाडाच्या जुनाट संसर्गावर अळ्या लावल्या. काही रोग्यांना धनुर्वात झाला, म्हणून अळ्या निर्जंतुक करूनच वाढवायला हव्यात हे त्याला कळले. प्रतिजैविके आल्यावर हा उपचार मागे पडला. जिवाणू त्यांना दाद देईनासे झाले तेव्हा तो परतला, आणि २००४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने माणसांसाठी त्याला मान्यता दिली. जनावरांत सर्वाधिक अनुभव घोड्यांचा आहे, विशेषतः खुराच्या आत खोल कुजलेल्या जखमांचा. साधारण पाच ते दहा अळ्या प्रति चौरस सेंटिमीटर लावतात, वर जाळी आणि सैल पट्टी, आणि दोन ते तीन दिवसांत सगळ्या काढून टाकतात. त्यांच्या स्रावाने मेलेले मांस विरघळते, ते त्या शोषून घेतात. त्याच स्रावात लुसिफेन्सिन नावाचा जिवाणूनाशक पदार्थ असतो. जखम कोरडी असली तर अळ्या मरतात, फार पाणी सुटले तर बुडतात. मोठ्या रक्तवाहिनीजवळ आणि पोट-छातीच्या पोकळीत उघडणाऱ्या जखमेत त्या लावत नाहीत. आयव्हरमेक्टिन दिलेल्या जनावरात त्या तगतील अशी आशा धरू नका. कुत्र्याला मात्र आधी गळ्यात कोन घाला, नाहीतर पट्टीसकट औषध पोटात!

एक गंमत लक्षात ठेवा. हीच गुणी लुसिलिया इंग्लंडात जिवंत मेंढ्यांच्या कातडीवर तुटून पडते. म्हणजे अळीच्या जातीइतकेच महत्त्व ती निर्जंतुक असण्याला, मोजून लावण्याला आणि वेळेवर काढण्याला आहे.

या वाटेने यायचे तर नीटची परीक्षा, मग इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षे आणि पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी. परोपजीवीशास्त्राचा पेपर रटून काढू नका. गाडीत स्पिरिटच्या चार बाटल्या ठेवा. जखमेतल्या पाच-सहा अळ्या उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून स्पिरिटमध्ये टाकायच्या आणि पेन्सिलीने गाव, तारीख, जनावर लिहायचे. शाई स्पिरिटमध्ये पुसून जाते, माझ्या पहिल्या सहा बाटल्यांवर आज काहीच वाचता येत नाही. वाळपईच्या बाजूला गेले की ते काका अजून विचारतात, "बाय, आमच्या गायीचे किडे ठेवलेस ना जपून?"