गेट-टुगेदर करताय? आधी माणसं गोळा करा, हॉल नंतर बघू

भावांनो, आमच्या बोर्डिंगच्या दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर यंदा दुसऱ्यांदा होतंय, आणि पहिल्या वेळी काय काय राहून गेलं ते डोक्यात ताजं आहे म्हणून सगळं एकदा लिहून काढतोय. कोल्हापुरात बोर्डिंगात राहून शिकलेले लोक हजारोंनी आहेत, कुणालातरी उपयोग होईल.

सगळ्यात आधी नावं. ग्रुपवर 38 जण आहेत म्हणजे बॅच 38 ची नव्हे, हे पहिल्यांदा डोक्यात घ्या. शाळेत जाऊन हेडसरांना साधा अर्ज द्या, जनरल रजिस्टर बघायला मिळालं तर त्यात पूर्ण नाव, जन्मगाव, शाळा सोडल्याची तारीख सगळं असतं. बोर्डिंगचं रजिस्टर वेगळं, ते रेक्टरांकडं विचारायचं. आम्ही गेलो तेव्हा कपाटातनं जे रजिस्टर निघालं त्याची पानं कडेनं वाळवीनं खाल्लेली, पण निळ्या शाईतलं अक्षर स्वच्छ होतं, आणि नावापुढं प्रत्येकाचा ताटाचा नंबर. तोच नंबर ताटावर पण ठोकलेला असायचा, पेटीवर पण ऑइलपेंटनं काढलेला असायचा. सगळी नावं लिहून घेतली, 61 भरली. म्हणजे 23 पोरं आमच्या हिशेबातनंच गेली होती, आणि ती बहुतेक सगळी राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, चंदगड इकडची, ज्यांच्यासाठी बोर्डिंग नसतं तर सातवीनंतर शाळाच नव्हती. शाहू महाराजांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेक करत दसरा चौकाच्या आजूबाजूला बोर्डिंगं उभी राहिली ती खेड्यातल्या असल्या पोरांसाठीच की! तीच पोरं कार्यक्रमाला नसतील तर हॉलमध्ये बसून नुसतं जेवायचं कशाला?

आता शोधायचं कसं. फेसबुकवर मिळणारे आधीच मिळालेले असतात. उरलेल्यांसाठी गावातल्या दूध संस्थेत फोन करा. आपल्याकडं गाव तिथं दूध संस्था आहे, सकाळ-संध्याकाळ अख्खं गाव किटली घेऊन तिथं येतं, सेक्रेटरीला बापाच्या नावासकट सांगितलं की दोन दिवसांत निरोप पोचतोय. आम्हाला 23 पैकी 14 जण असेच मिळाले. आणि सापडला की लगेच ग्रुपला ॲड करू नका. आधी कुणीतरी एकानं, जो त्याच्या खोलीत राहायचा त्यानंच, फोन करून निवांत बोलायचं. पंचवीस-तीस वर्षांत माणसावर काय काय येऊन गेलेलं असतं, एकदम पन्नास जणांचे गुड मॉर्निंग अंगावर आले की माणूस गप्प ग्रुप सोडून जातो.

गेलेल्यांची यादी मात्र फार जपून करा. आमच्या ग्रुपवर एकानं ऐकीव बातमी टाकली, तासाभरात चाळीस जणांनी भावपूर्ण श्रद्धांजली लिहिली आणि संध्याकाळी कळलं की वारलेला माणूस त्याच नावाचा दुसरा, आपला मित्र गडहिंग्लजला धडधाकट आहे. त्याच्या मुलीनं ते वाचलं होतं. तेव्हापासून नियम केलाय, घरच्यांशी बोलल्याशिवाय कुणाचीही बातमी टाकायची नाही. फोटो पण घरच्यांकडनंच मागायचा आणि त्यांना कार्यक्रमाला बोलवायचं.

तारीख. पावसाळा नको म्हणजे नको. 2019 ला आम्ही ऑगस्टातला रविवार धरला होता आणि त्याच आठवड्यात महापूर आला, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटाला धोका पातळी, पाणी त्याच्या कितीतरी वर, शिरोलीजवळ हायवे बंद, अर्धी बॅच पुण्यातनं निघालीच नाही आणि उरलेली पूरग्रस्तांना भाकरी पोचवण्यात. 26 जूनला शाहू जयंती म्हणून काही जण आग्रह करतात, भावना बरोबर आहे पण दसरा चौकात त्या दिवशी दिवसभर कार्यक्रम असतात आणि पाऊसही सुरू झालेला असतो. नवरात्रात लॉज मिळत नाही. जानेवारीत ऊसवाल्यांची तोड आली की ते कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत, ऐकूही नये. आम्ही भाऊबीजेनंतरचा रविवार धरलाय, बाहेरची पोरं गावाकडं आलेली असतात आणि कारखान्यांचं धुराडं नुकतंच पेटलेलं असतं.

वर्गणीचा विषय नाजूक. किती द्यायचे तो आकडा सांगा, पण कुणी दिले त्याची यादी ग्रुपवर टाकू नका. पैसे एकाच्याच खात्यावर, आणि कुणाचे आले नाहीत ते त्या एकालाच माहीत. टीशर्ट, ट्रॉफी, ड्रोन शूटिंग हे मी कापलं. त्यापेक्षा लांबनं येणाऱ्याचं एसटीचं भाडं भागवा.

सर लोकांसाठी तळमजल्यावरचाच हॉल बघा, हात असलेल्या खुर्च्यांचा. फेटा, शाल, श्रीफळ आणि दोन शब्द, तेवढं बास. मेसच्या मावशींना सरांच्या शेजारीच बसवायचं, शेवटी भांड्यांच्या खोलीत जाऊन पाया पडायचं नाही. घरनं एसटीनं आलेला डबा रविवारी उशिरा पोचला तर त्या माउलीनं आमच्यासाठी आमटी चुलीवर ठेवलेली असायची.

जेवणात तांबडा-पांढरा आहेच, पण वेगळी चूल, वेगळी भांडी माळकऱ्यांसाठी नक्की करा. तारखेला एकादशी, संकष्टी आहे का ते कॅलेंडरात बघून घ्या.

राहिली वेळ. मुंबईची मंडळी महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी उतरतात त्यामुळं दहाला सुरुवात जमते. पण दुपारचं जेवण साडेबाराला वाढायचंच, दोन वाजवायचे नाहीत. कारण ताट नंबर 41, जो दूध संस्थेतनं सापडला, ज्याच्याकडं साधा फोन आहे आणि जो दोन म्हशींची धार काढून येणार आहे, त्याला परत संध्याकाळच्या धारेला पोचायचंय, आणि त्याच्या वाडीकडची एसटी तीनला सुटते. स्टँडवर सोडायला मी स्वतः जाणार आहे, गाडी आणि दोघांना बोलायला अर्धा तास राखून ठेवलाय.