इंजिनाचं काम असलेली स्वस्त गाडी : घेताना-विकताना या चुका टाळा

मागच्या वर्षी मामेभावासाठी एक डिझेल डिझायर बघायला आम्ही साताऱ्याला गेलो होतो. २०१३ चं मॉडेल, मागणी १ लाख ६० हजार. विकणाऱ्याने फोनवरच सांगितलं होतं, "इंजिनचा थोडा आवाज येतोय. सेन्सर असेल, तीन-चार हजारांत होऊन जाईल." सकाळी साडेसातला पोचलो. बॉनेटवर हात ठेवला तर पत्रा चांगलाच गरम. आम्ही येण्याआधी कुणीतरी गाडी फिरवून आणली होती. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण भावाचा चेहरा बघून गप्प बसलो. तो म्हणाला, "दादा, एवढ्यात दुसरी मिळणार नाही," आणि आम्ही इसार देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन चालू केलं तेव्हा पहिले काही सेकंद पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला. टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाचे वॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी, सैल झाली होती. खोलल्यावर पिस्टनच्या रिंगाही गेलेल्या निघाल्या. सत्तर हजारांचं काम झालं. तेव्हापासून कुणी स्वस्त गाडीबद्दल विचारलं की मी हे सगळं सांगत बसतो.

गरम इंजिन बघून सौदा करणं

गरम इंजिन बरंच काही लपवतं. म्हणून आदल्या रात्रीच सांगून ठेवा की गाडी चालू करू नका, आम्ही आल्यावर स्टार्टर मारू. तरी बॉनेट गरम लागलं तर चहा घ्या, दोन-तीन तास थांबा, नाहीतर दुसऱ्या दिवशी या. याला नकार देणाऱ्याची गाडी घेऊ नका.

स्टार्टर मारताना एकाने सायलेन्सरमागे उभं राहायचं. रात्रभर उभ्या गाडीने सुरू होताना निळ्या धुराचा एक झोत सोडला आणि मग धूर थांबला, तर बहुतेक वॉल्व्हचे सील गेलेले असतात. ते काम तुलनेने आवाक्यातलं. पण रेस दिली की दरवेळी निळा धूर येत असेल तर ऑइल रिंगांमधून जळतंय, आणि तिथे इंजिन खोलावंच लागतं. थंडीच्या सकाळी पांढरी वाफ निघणं साहजिक आहे, पाच-दहा मिनिटांत ती जाते. गेली नाही आणि कूलंटही (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी होत असेल तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगवर घ्यायचा. डिझेलचा काळा धूर इंजेक्टर, टर्बो किंवा तुंबलेल्या एअर फिल्टरचाही असू शकतो, तेवढ्यावरून गाडी टाकून देऊ नका.

मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा. तिथून धापा टाकल्यासारखे वाफेचे झोत येत असतील तर मिस्त्री त्याला "बॅक कॉम्प्रेशन मारतंय" म्हणतात, म्हणजे रिंगा आणि बोअर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) झिजलेत. झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ साय जमली असेल तर ऑइलमध्ये पाणी गेलेलं असू शकतं. पावसाळ्यात फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही थोडी साय दिसते, म्हणून डिपस्टिकही ओढून बघा. तिच्यावरही तसंच दिसलं तर सरळ परत फिरा. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडायचं. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर उडतं.

"छोटंसं काम आहे" यावर विश्वास ठेवणं

छोटं काम असतं तर विकण्याआधी त्याने ते करून घेतलं असतं आणि गाडीला पूर्ण भाव मिळवला असता. हे मनात ठेवूनच बोलणीला बसा.

लपवायचे प्रकारही ठरलेले आहेत. धूर कमी दिसावा म्हणून घट्ट ऑइल भरतात. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकतात, मग हायवेवर तापमानाचा काटा अगदी खाली राहतो आणि घाटात वर चढतो. कूलंटऐवजी साधं पाणी भरलेलं असेल तर झाकणाखाली तांबडा गंज दिसतो. चेक इंजिनचा दिवा चावी फिरवल्यावर लागायला हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. तो लागतच नसेल तर काहीतरी काढून ठेवलंय. स्कॅनरने आदल्या दिवशी बिघाडाचे कोड पुसता येतात, त्यामुळे "स्कॅनरला काहीच दाखवत नाही" याला फार किंमत देऊ नका.

चक्कर मारायची ती कॉलनीत नको. एसी लावून किमान अर्धा तास, जमलं तर घाटात. साताऱ्याच्या त्या गाडीला मी खंबाटकी चढवली असती तर सगळं कळलं असतं.

मिस्त्री आपला न्या, आणि त्याला दिवसाचे पैसे द्या. फुकट आलेला मिस्त्री घाईत बघतो. त्याला कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, तपासायला सांगा. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा, तो दहा-पंधरा टक्क्यांच्या पुढे गेला की आत गडबड आहे. कामाचा अंदाज मागताना "हाफ इंजिन की फुल?" हे विचारून घ्या. फक्त रिंगा-बेअरिंग बदलणं वेगळं, आणि बोअरिंग करून क्रँक लेथवर देणं वेगळं. किंमत बोलताना दोन्हीतला मोठा आकडाच धरा. एकदा इंजिन खोललं की आतून काय निघेल ते मिस्त्रीही छातीठोक सांगत नाही.

कुठलं इंजिन आहे हे न बघणं

स्विफ्ट, डिझायर, पुंटो, इंडिका विस्टा या गाड्यांत एकच १२४८ सीसीचं डिझेल इंजिन आलं. चांगलं इंजिन आहे, पण ऑइल वेळेवर बदललं नाही तर टायमिंग चेन सैल होते, आणि तिने उडी मारली की वॉल्व्ह आणि पिस्टनची टक्कर होते. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, त्यामुळे बाजारातल्या या गाड्या आता भरपूर पळालेल्या आहेत. आधी टुरिस्ट पासिंगला (टॅक्सी म्हणून) होती का, ते आरसीचा इतिहास काढून बघा. ७९६ सीसीच्या ऑल्टोला मात्र चेन नाही, बेल्ट आहे. तो कधी बदलला ते विचारा, बिल दाखवा म्हणा.

पुराची गाडी हा आणखी एक धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते आपण पाहिलं आहे. पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी दाबलं जात नाही ना. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाचा डाग राहिलेला असतो.

विकणाऱ्याची सगळ्यात महाग चूक

पैसे घेतले, चावी दिली, सह्या केलेले कोरे टीटी (मालकी बदलण्याचे) फॉर्म एजंटाच्या हाती ठेवले, आणि विसरलो. "इंजिन गेलेलीच गाडी आहे, कोण चालवणार?" असं वाटतं. पण ती दुरुस्त होते आणि रस्त्यावर येते, तुमच्याच नावावर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या खटल्यात स्पष्ट केलं की नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. तिथे गाडी मूळ मालकाने केव्हाच विकली होती, मधे आणखी हात बदलले होते, तरीही.

म्हणून हे टीटी फॉर्म, म्हणजे फॉर्म २९ आणि ३०, कोरे देऊ नका. घेणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ स्वतःच्या हाताने लिहा, आणि ऑनलाइन अर्जाची पावती हाती येईपर्यंत काही रक्कम अडकवून ठेवा. कर्ज फिटलं असलं तरी आरसीवर बँकेचा बोजा राहिलेला असतो, तो फॉर्म ३५ देऊन आधी उतरवा. विम्याचा नो क्लेम बोनस तुमचा असतो, गाडीबरोबर जात नाही, तो नव्या गाडीसाठी मागून घ्या.

या वर्षी मी माझी ऑल्टो विकली. हेड गॅस्केट गळत होतं. घेणाऱ्या मुलाला ते पहिल्याच फोनवर सांगितलं, थंड इंजिनावर चालू करून दाखवलं, त्याच्या मिस्त्रीला दोन तास बघू दिलं. त्याने पंधरा हजार कमी केले, मी ते मान्य केले, आणि कागदावर लिहिलं : "हेड गॅस्केटचं काम आहे, घेणाऱ्याने पाहून घेतलं." दोघांनी सह्या केल्या. तीन आठवड्यांनी त्याच्या नावाच्या आरसीचा फोटो माझ्या व्हॉट्सॲपवर आला, खाली लिहिलं होतं, "काका, गाडी आता तापत नाही."