मेणाआधी रंग साफ करताना

इंदूरच्या उन्हाळ्यात धूळ आणि बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग गाडीच्या बॉनेटवर बसतातच. त्यावर थेट मेण (वॅक्स) चोळलं, तर मळ खालीच राहतो. आधी क्लीनर हवा, पण दुकानदार बहुधा रबिंग कंपाऊंड, म्हणजे बारीक कणांची घासणारी पेस्टच हातात ठेवतो. ते घेऊ नका. आजच्या गाड्यांचा वरचा पारदर्शक थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ असतो. कंपाऊंड तो घासून कमी करतं आणि गेलेला थर परत येत नाही.

डब्यावर ‘कट’, ‘कंपाऊंड’, ‘स्क्रॅच रिमूव्हर’ लिहिलेलं असेल तर बाजूला ठेवा. ‘प्री-वॅक्स क्लीन्झर’, ‘नॉन-अब्रेझिव्ह’ (न घासणारं) असं शोधा. बोटांत चोळून खरखर लागली तर नकोच. मात्र गुळगुळीत लागलं म्हणून निर्धास्त होऊ नका, बारीक कण बोटांना कळत नाहीत.

गाडी धुऊन, सावलीत, पत्रा गार असताना मायक्रोफायबरने हलक्या हाताने लावा. आधी डिक्कीच्या कोपऱ्यावर करून बघा. ओरखडे मात्र याने जाणार नाहीत. पाण्याचे जुने डाग हटले नाहीत तर जोर लावू नका, त्यासाठी वॉटर स्पॉट रिमूव्हर वेगळा मिळतो.