अमेरिकेतील निवडक विद्यापीठांचा अर्ज : ज्युनियर कॉलेजमधून तयारी कशी करावी

हार्वर्डसारख्या विद्यापीठात अर्ज करणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम चार जणांना प्रवेश मिळतो, आणि नकार मिळालेल्यांतही उत्तम गुणांच्या मुलांची कमतरता नसते. त्यामुळे बारावीच्या टक्क्यांवर सगळी भिस्त ठेवून चालत नाही. शिवाय राज्य मंडळाचा बारावीचा निकाल साधारणपणे मे महिन्यात लागतो, तर या विद्यापीठांचे निर्णय मार्चअखेरपर्यंत जाहीर होऊन जातात. निवड करणाऱ्यांसमोर असतात ती नववी ते अकरावीची गुणपत्रके, शिक्षकांची पत्रे आणि विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेला मजकूर. यातले कागदपत्रांचे आणि पत्रांचे काम आपल्या ज्युनियर कॉलेजच्या मुलांना सर्वांत जड जाते, म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

आपल्याकडे दहावीनंतर संस्था बदलते, पण विद्यापीठाला नववीपासून चारही वर्षांचे गुण हवे असतात (बारावीचे सहामाही किंवा पूर्वपरीक्षेपुरते). नववीची गुणपत्रिका बहुतेक घरांत सापडत नाही, कारण एरवी तिची कोणाला गरजच पडत नाही. अकरावीत असतानाच जुन्या शाळेत जाऊन तिची प्रत मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेवावी. बहुसंख्य विद्यापीठे ज्या ‘कॉमन अ‍ॅप’ या सामाईक ऑनलाइन व्यवस्थेवरून अर्ज घेतात, तिथे कॉलेजच्या वतीने एका व्यक्तीला शालेय अहवाल भरावा लागतो. वेगळा समुपदेशक नसेल, तर प्राचार्य, उपप्राचार्य किंवा वर्गशिक्षक हे काम करू शकतात. मात्र ते ऑनलाइन आणि शक्यतो कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरून करायचे आहे, हे त्यांना जुलैतच समजावून सांगावे. अहवालासोबत कॉलेजची ओळख करून देणारे एक पान जोडायचे असते. आपल्या कॉलेजांत असे पान सहसा तयार नसते, तेव्हा कच्चा मसुदा विद्यार्थ्याने करून द्यावा आणि कॉलेजने तो तपासून अधिकृत करावा. तुकड्या किती, अकरावीची परीक्षा कॉलेज स्वतः घेते की कसे, गुणदान कितपत कडक आहे, हे त्यात यावे. अकरावीच्या भौतिकशास्त्रात ७८ हे तुकडीतले सर्वाधिक गुण असतील, तर ते तिथे लिहिलेले असलेच पाहिजे. एरवी परदेशातल्या वाचणाऱ्याला ७८ म्हणजे बेताचेच वाटणार.

शिफारसपत्रे साधारणपणे दोन शिक्षकांची लागतात. अमेरिकेतल्या एमआयटीचा (मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) अर्ज ‘कॉमन अ‍ॅप’वर नसतो, तिचे स्वतःचे वेगळे संकेतस्थळ आहे, तिथे एक पत्र गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकांचे आणि दुसरे भाषा किंवा सामाजिक शास्त्राच्या शिक्षकांचे मागतात. विज्ञान शाखेची मुले इंग्रजी-मराठीच्या तासांना दांडी मारतात, त्यांची पंचाईत इथे होते. इंटिग्रेटेड क्लासमुळे कॉलेजात केवळ हजेरीपुरते नाव असलेल्यांची अडचण तर याहून मोठी. ज्या शिक्षकांनी चेहरा पाहिलेला नाही, ते लिहिणार काय? क्लासच्या सरांचे पत्र काही विद्यापीठे जास्तीचे म्हणून घेतात, पण कॉलेजच्या शिक्षकांच्या पत्राची जागा त्याला मिळत नाही. ज्याला असा अर्ज करायचा आहे, त्याने अकरावीपासून निदान दोन विषयांच्या तासांना नियमित बसावे, हा माझा आग्रह आहे.

‘सदर विद्यार्थी प्रामाणिक, कष्टाळू व आज्ञाधारक आहे’ हे आपले ठरलेले वाक्य चारित्र्याच्या दाखल्यात शोभते. इथे ते वाया जाते, कारण त्यातून मूल दिसत नाही. त्याऐवजी, प्रात्यक्षिकात लोलकाचे वाचन अपेक्षित उत्तराशी जुळेना तेव्हा शेजाऱ्याच्या वहीतले आकडे न उतरवता एखादी विद्यार्थिनी सुट्टीनंतर परत आली आणि दोऱ्याची लांबी आपण चुकीच्या टोकापासून मोजली होती हे तिने शोधून काढले, एवढा एक प्रसंग सरांनी लिहिला तरी पत्राला वजन येते. शिक्षकांना असे प्रसंग आठवून देणारे एक पान विद्यार्थ्याने जरूर द्यावे; पत्र मात्र स्वतः लिहून सहीसाठी पुढे करू नये. ही सवय आपल्याकडे रुळलेली असली, तरी ती फसवणूकच आहे आणि दोन्ही पत्रांची भाषा सारखी निघाली की उघडी पडते.

लवकरच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरला संपते, म्हणजे ऐन दिवाळीच्या सुमारास. २०२४ साली लक्ष्मीपूजन नेमके त्याच तारखेला होते. सुट्टीत ना कार्यालय उघडे असते, ना प्राचार्य भेटतात; तेव्हा कॉलेजकडून व्हायचे सगळे काम सप्टेंबरअखेर हातावेगळे करावे. नेहमीच्या फेरीची मुदत जानेवारीच्या आरंभी असते. एसएटी ही इंग्रजी-गणिताची प्रवेशपूर्व परीक्षा मागणाऱ्या विद्यापीठांत एमआयटी आणि हार्वर्ड आहेत. ती परीक्षा अकरावीच्या उन्हाळ्यातच देऊन मोकळे व्हावे.

‘कॉमन अ‍ॅप’वरच्या उपक्रमांच्या, म्हणजे अभ्यासाबाहेरच्या कामांच्या, यादीत दहा नोंदी बसतात आणि प्रत्येकीच्या वर्णनाला जेमतेम १५० अक्षरे मिळतात. पैसे भरून मिळवलेल्या प्रमाणपत्रांनी ती भरण्याचा मोह टाळावा. घरची जबाबदारी आणि कमाईचे काम यांसाठी तिथे स्वतंत्र प्रकार आहेत, हे आपल्या मुलांना ठाऊकच नसते. नारायणगावच्या बाजारात वडिलांच्या टोमॅटोच्या क्रेटचा हिशेब दोन हंगाम ठेवणाऱ्या मुलाने ‘शेतीत मदत’ असे लिहून भागवू नये. किती क्रेट, आठवड्यातले किती तास, रोजचा भाव लिहून ठेवल्यावर माल काढण्याचा दिवस कसा बदलला, हे लिहावे. मुख्य निबंधाला ६५० शब्दांची मर्यादा आहे. त्यात आईवडिलांच्या कष्टांचे वर्णन करून स्वतःविषयी शेवटच्या चार ओळी लिहिणारे निबंध मी पुष्कळ वाचले आहेत. अशा वेळी प्रवेश आईला द्यावासा वाटतो. निबंधातला ‘मी’ पहिल्या परिच्छेदापासून काहीतरी करताना, चुकताना, ठरवताना दिसला पाहिजे.

पैशांचा विचार यादी करतानाच व्हावा. परदेशी विद्यार्थ्याची आर्थिक गरज निवडीच्या आड येऊ न देणारी विद्यापीठे थोडीच आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि एमआयटी त्यांत मोडतात. इतर अनेक ठिकाणी मदत मागितल्याचा निवडीवर परिणाम होतो. लवकरच्या फेरीतला ‘अर्ली डिसिजन’ हा प्रकार निवडून अर्ज केल्यास प्रवेश मिळाल्यावर तिथेच जाण्याचे बंधन येते, म्हणून खर्चाचा अंदाज त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील गणकयंत्रावर काढल्याशिवाय पालकांनी त्यावर सही करू नये. मदतीच्या अर्जाला आयकर विवरणपत्रे किंवा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तहसील कार्यालयातून दाखला मिळायला वेळ जातो.

अर्ज गेल्यावरही कॉलेजचे एक काम उरते. बारावीच्या सहामाहीचे किंवा पूर्वपरीक्षेचे गुण जानेवारी-फेब्रुवारीत पाठवायचे असतात, आणि नेमके तेव्हा सगळे शिक्षक प्रात्यक्षिक परीक्षांत अडकलेले असतात. ते गुण कोण आणि कधी पाठवणार, हे शिफारसपत्रांसाठी भेटायला जाल त्याच दिवशी ठरवून घ्यावे.