फ्रेशरचे इंटरव्ह्यू राउंड: कुठे काय बघतात

फ्रेशर भरतीत बहुतेक ठिकाणी एका इंटरव्ह्यूवर काम भागत नाही. आधी ऑनलाइन टेस्ट, काही ठिकाणी जीडी (ग्रुप डिस्कशन, म्हणजे गटचर्चा), मग एक-दोन टेक्निकल राउंड, मॅनेजरचा राउंड आणि शेवटी एचआर. सॉफ्टवेअरच्या एंट्री लेव्हल जागांसाठी मी या सगळ्यातून गेले. तयारी करताना आपण फक्त प्रश्नांचा विचार करतो, प्रश्न विचारणाऱ्याचा करत नाही. इंटरव्ह्यू संपला की त्या माणसाला सहसा फीडबॅक फॉर्म भरायचा असतो. नुसतं 'घ्या' किंवा 'नको' लिहून चालत नाही, कारणही द्यावं लागतं. तुम्ही पुढे जाणार की नाही हे ठरवताना बाकीची मंडळी तो फॉर्म बघतात. तेव्हा समोरच्याला लिहायला काहीतरी मिळालं पाहिजे. 'मुलगी हुशार वाटली' यावर कुणाचं सिलेक्शन होत नाही.

ऑनलाइन टेस्टमध्ये मात्र फॉर्म वगैरे काही नसतो, तिथे निव्वळ गाळणी असते. सेक्शनवार कट-ऑफ आहे का आणि निगेटिव्ह मार्किंग आहे का, या दोनच गोष्टी सुरुवातीच्या सूचनांमध्ये बघून घ्या. चार पर्याय असतील आणि चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापत असतील, तर डोळे मिटून मारलेल्या ठोक्याची सरासरी कमाई शून्य असते. त्यातला एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर ठोका मारणं फायद्याचं. सेक्शनवार कट-ऑफ असेल, तर गणितात पैकीच्या पैकी मिळवूनही इंग्रजीत अडकलेला बाहेर जातो. म्हणून आवडत्या सेक्शनमध्ये रमायचं नाही.

जीडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सगळ्यात आधी बोलण्याची शर्यत लावू नका. कुणाचा तरी अर्धवट राहिलेला मुद्दा उचलून पुढे नेलात, तर ते लक्षात राहतं.

खरी मजा टेक्निकल राउंडमध्ये असते. मला विचारलेला एक प्रश्न सविस्तर सांगते, कारण या राउंडचा सगळा बाज त्यात दिसतो. आकड्यांची एक यादी दिली आहे, त्यातल्या कुठल्या दोन आकड्यांची बेरीज दिलेल्या संख्येइतकी येते ते शोधा. अगदी घासून गुळगुळीत झालेला प्रश्न. मी कोडला हात न लावता आधी विचारलं, "यादीत निगेटिव्ह आकडे असू शकतात का? एकच आकडा दोनदा वापरायला चालेल का? जोडी सापडलीच नाही तर काय परत करायचं?" मग सरळ मार्ग सांगितला, दोन लूप लावून प्रत्येक जोडी तपासायची. त्यातली अडचणही लगेच सांगितली. यादीत 1 लाख आकडे असतील तर जवळपास 500 कोटी जोड्या होतात, हे परवडणारं नाही. मग हॅशमॅप, म्हणजे येऊन गेलेले आकडे साठवून हवा तो झटकन शोधता येईल अशी रचना. एकेक आकडा घ्यायचा, बेरजेला किती कमी पडतात ते बघायचं आणि तेवढा आकडा आधी येऊन गेलाय का हे मॅपमध्ये शोधायचं. यादीतून एकच फेरी पुरते.

"आणि मेमरी?" पलीकडून प्रश्न आला. त्याला हेच हवं होतं. मी म्हटलं, मॅपमुळे जास्त लागेल. "बरं, यादी आधीच चढत्या क्रमाने लावलेली असेल तर?" इथे मी थोडा वेळ अडले, पण मोठ्याने अडले. "क्रम लागलाय म्हणजे एका टोकाला सगळ्यात लहान, दुसऱ्या टोकाला सगळ्यात मोठा... दोघांची बेरीज जास्त झाली तर मोठ्या बाजूने आत यायचं, कमी पडली तर लहान बाजूने." मॅपची गरजच संपली. गप्प बसून हेच उत्तर शोधलं असतं, तर फॉर्मवर फक्त 'उत्तर आलं' एवढंच पडलं असतं. बोलत शोधल्यामुळे त्याला माझी विचार करायची पद्धत दिसली. शिवाय बोलत राहिलं की समोरचा हिंट देतो. गप्प माणसाला हिंट कुठल्या पायरीवर द्यायची हेच त्याला कळत नाही.

मॅनेजरच्या राउंडला रिझ्युमेवरची ओळ न् ओळ तपासली जाते. माझा फायनल इयरचा प्रोजेक्ट लायब्ररीच्या बुकिंगचा होता. स्क्रीन कशा दिसतात यात त्यांना काडीचा रस नव्हता. प्रश्न होता, "शेवटची एकच प्रत उरली आहे आणि दोघांनी एकाच क्षणी बुक केली. काय होईल?" ट्रान्झॅक्शन (सगळ्या पायऱ्या पूर्ण होतील, नाहीतर एकही नाही), रो लॉक (एकाचं बुकिंग चालू असताना ती नोंद दुसऱ्याला बदलता न येणं), उशिरा आलेल्याला कुठला मेसेज दाखवायचा, बराच वेळ आम्ही तेवढ्यावरच बोललो. तुमचा प्रोजेक्ट कितीही साधा असू दे, त्यातली अशी एक जागा निवडा आणि तिच्या तळापर्यंत जाऊन या. आणि 'आम्ही केलं' हे शब्द जरा जपून वापरा. ग्रुप प्रोजेक्ट असला तरी 'डेटाबेसचं डिझाइन माझं होतं, लॉगिनचा भाग मित्राने केला' असं स्वच्छ सांगितलेलं बरं. पुढचा प्रश्न 'त्यात तू काय केलंस?' हाच असतो.

काही ठिकाणी सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारतात आणि इंटरव्ह्यू घेणारा मान खाली घालून टिपणं घेत बसतो. हा रुक्षपणा बघून घाबरू नका. असे ठरावीक साच्यातले इंटरव्ह्यू मोकळ्या गप्पांपेक्षा कामाचा चांगला अंदाज देतात, असं श्मिट आणि हंटर या संशोधकांनी 1998 साली जुन्या अभ्यासांचा मोठा आढावा घेऊन मांडलं होतं. टिपणं घेणारा तुमच्यावर नाराज नसतो, गुण भरत असतो.

एचआरचा राउंड नुसता औपचारिक असतो असं सीनियर सांगतात. मला ते पटत नाही, इथूनही माणसं परत गेलेली बघितली आहेत. 'टीममध्ये भांडण झालं तेव्हा काय केलंस?' यासारख्या प्रश्नांना चार-पाच खरे प्रसंग आधीच आठवून ठेवा. काय झालं होतं, तुमच्यावर काय होतं, तुम्ही काय केलंत, शेवट काय झाला, एवढं दोन मिनिटांत बसलं पाहिजे. बहुतेकांचा पहिल्या भागातच वेळ जातो. 'माझा दोष म्हणजे मी फार परफेक्शनिस्ट आहे' हे वाक्य मात्र कृपा करून कायमचं विसरा.

'तुम्हाला काही विचारायचंय?' याला 'नाही' म्हणू नका. पहिल्या सहा महिन्यांत नव्या माणसाकडून काय अपेक्षा असते आणि त्याचा कोड कोण तपासतं, हे मी टेक्निकलवाल्यांना विचारायचे. पगार, शिफ्ट आणि बदलीचे प्रश्न एचआरसाठी ठेवायचे.

राउंड संपला की घरी येऊन आधी प्रश्न उतरवून काढा. पुढच्या राउंडला अर्धवट सुटलेला धागा पुन्हा निघू शकतो. कळवतो म्हणालेली तारीख उलटली तर एक छोटा, सभ्य मेल पाठवायला हरकत नाही, पण रोज नाही. आणि ऑफर आली की आनंदाच्या भरात लगेच होकार कळवू नका. पगारात फिक्स्ड किती, व्हेरिएबल (कमी-जास्त होणारा भाग) किती, बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट) आहे का, तो मोडला तर काय भरावं लागेल, प्रोबेशन आणि नोटीस पिरियड किती, हे ऑफर लेटरमध्ये शोधा. जे फक्त फोनवर सांगितलं होतं आणि लेटरमध्ये नाही, ते मेलवर लेखी मागून घ्या आणि मगच सही करा.