टेक्सासात ट्रक घेताय? आधी दार उघडून बघा

ह्यूस्टनजवळच्या केटीत आमच्या गल्लीत गेल्या दोन वर्षांत चार मराठी घरं आली. चौघांचा क्रम एकच. आल्या आल्या वापरलेली कॅमरी, मग घर, आणि घराला सहा महिने व्हायच्या आत शनिवारी सकाळी मला फोन: "काका, ट्रक घ्यायचाय. दीडशे घेऊ का अडीचशे?" इथे ट्रक म्हणजे मागे उघडा हौदा असलेला पिकअप. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय.

पहिल्या वर्षी ट्रक घेऊच नका. क्रेडिट नवं असतं, व्याज चढं लागतं. होम डेपोत पिकअप तासावर भाड्यानं मिळतो. वर्षभर तो वापरा आणि किती वेळा लागला ते कॅलेंडरवर मांडा. माझ्या ओळखीत कुणाचा आकडा पाचापुढे गेलेला नाही. पण हे कुणी ऐकत नाही. शेजारच्या टेक्सनच्या दारात ट्रक उभा असतो, आणि सांगलीच्या मामांना फोटो पाठवायचा असतो.

तर घेणारच असाल तर ऐका. दीडशे म्हणजे हाफ टन: फोर्ड एफ-१५०, रॅम १५००, शेव्हरोले सिल्व्हराडो १५००, इथेच सॅन अँटोनिओत बनणारी टोयोटा टुंड्रा. अडीचशे म्हणजे एफ-२५०, रॅम २५००, सिल्व्हराडो २५०० एचडी. हे हेवी ड्यूटी, म्हणजे थ्री-क्वार्टर टन. त्यावर साडेतीनशेवाले वन टन. ही टनांची नावं आजोबांच्या काळची. हाफ टन म्हणजे हौद्यात हजार पौंड असा तेव्हाचा हिशेब. आता तो जुळत नाही, त्यामुळे नावावरून काही ठरवू नका.

ठरवायचं ते चालकाचं दार उघडून. दाराच्या चौकटीवर एक पिवळा-पांढरा स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून इतक्या वजनाच्या वर जाऊ नये, असं त्यावर किलो आणि पौंड दोन्हींत छापलेलं असतं. हा आकडा मॉडेलचा नाही, त्या समोरच्या ट्रकचा. शेजारी शेजारी उभ्या दोन एफ-१५० च्या स्टिकरवर शेकडो पौंडांचा फरक निघतो, कारण एकाला काचेचं छप्पर आणि फोर व्हील ड्राइव्ह आहे. तुम्ही जितका ट्रक सजवाल तितकी त्याची ताकद सजावटीतच खर्च होते. चार दारांच्या चांगल्यापैकी हाफ टनवर साधारण १,४०० ते १,८०० पौंड दिसतील.

सेल्समन मात्र या स्टिकरबद्दल अवाक्षर काढत नाही. तो सांगतो, "अकरा हजार पौंड ओढतो, सर!" ओढत असेलही. हिशेब बघा. तुम्ही ७,००० पौंडांचा कॅम्पर, म्हणजे ओढत न्यायचं चाकांवरचं घर, घेतलात. मागच्या हिचला, म्हणजे बंपरखालच्या जोडणीला, जोडलेल्या ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रकच्या पाठीवर येतो. १३ टक्के धरले तर ९१० पौंड. भार विभागणारा हिच स्वतःच शंभरेक पौंडांचा. नवरा, बायको, दोन मुलं मिळून ५५०. कूलर, सायकली, शेगडी, चिवड्याचे डबे दीडशे. झाले १,७१०. आणि दारावर लिहिलेत १,५२०. ओढायची क्षमता चार हजार शिल्लक, आणि ट्रक मात्र ओव्हरलोड.

"काका, चालतंय की!" हे वाक्य मी इथे सगळ्यात जास्त ऐकलंय. आपण उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर बघत मोठे झालो, पुढची चाकं उचलू नयेत म्हणून बॉनेटवर पोरं बसवलेले. ते वीसच्या वेगानं चालतं. आय-टेन हायवेवर पंचाहत्तरच्या वेगात शेजारून अठरा चाकी गेला, की त्याच्या वाऱ्यानं ट्रेलर डोलायला लागतो. मागच्या पाट्यांवर जास्त भार असेल तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं.

बागेचंही तसंच. एकानं नवा कोरा हाफ टन घेऊन माती आणायला मला सोबत नेलं. मल्च, म्हणजे झाडांच्या बुंध्याशी पसरायचा लाकडाचा भुगा, एक घनयार्ड घेतला तर साताठशे पौंड, काही प्रश्न नाही. ह्यानं मागितली माती, तीही आदल्या रात्री पावसात भिजलेली. लोडरवाल्यानं बादली हौद्यावर उलटी केली आणि ट्रक म्हशीसारखा मागे बसला. चाकं आणि मडगार्ड यांच्यात जेमतेम दोन बोटं जागा. एक यार्ड माती म्हणजे दोन हजार पौंडांच्या वर. तिथेच फावड्यानं निम्मी उतरवली, माझ्या पाठीसकट.

मग हेवी ड्यूटीच घ्यावा, असं वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं. २०१७ साली मी अडीचशे डिझेल घेतला. डिझेल म्हणजे गावाकडची बोलेरो, मरत नाही, असा माझा समज. निव्वळ इंजिनाचे आठ-दहा हजार डॉलर जास्त मोजले. ऑफिस सहा मैलांवर.

आजच्या डिझेलला धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. वीस-पंचवीस मिनिटं हायवेवर सलग पळवला की तो तापतो आणि काजळी स्वतःच जाळतो. सहा मैलांत तो तापतच नाही. जाळणं सुरू झालं की मी पार्किंगमध्ये. दिवा लागला, मी दुर्लक्ष केलं. पुन्हा लागला, शनिवारी बघू म्हटलं. तिसऱ्यांदा भर सर्व्हिस रोडवर ट्रकनं आपणहून ताकद कापली आणि मी तीसच्या वेगानं हॅझर्ड लावून घरी आलो. बिल ३,९०० डॉलर. दोन महिन्यांचा घराचा हप्ता काजळीत गेला. जो रोज दहा मैलांच्या आत फिरतो त्यानं डिझेलकडे बघूसुद्धा नये. पुन्हा लिहितो, बघूसुद्धा नये.

वर डीईएफ, म्हणजे धूर साफ करणारं युरियाचं पाणी, भरा, ऑइल बदलताना बारा-तेरा क्वार्ट (क्वार्ट म्हणजे जवळपास लिटर) घाला. भारासकट कमाल वजन ८,५०० पौंडांवर असलेल्या ट्रकना मायलेजचं लेबल लावायची कायद्यानं सक्ती नाही, त्यामुळे काचेवर तो आकडाच नसतो. मी ते चांगलं लक्षण समजलो होतो. आणि गंमत अशी की डिझेल इंजिन इतकं जड, की सजवलेल्या अडीचशेच्या स्टिकरवर दोन हजारांच्या आसपासच उरतात. हौद्यात वजन टाकायचं असेल तर पेट्रोलचा अडीचशे त्याहून बरा.

रिकामा हेवी ड्यूटी काँक्रीटच्या सांध्यांवर आदळत चालतो. आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती. सहावारी सावरत तिला त्या उंचीवर चढता येईना, म्हणून स्वयंपाकघरातलं स्टूल कायम मागच्या सीटखाली. देवळापर्यंत जाऊन आल्यावर म्हणाली, "बाळ, यापेक्षा एसटी बरी." आणि गॅरेज! चार दारांचा एफ-२५० छोट्या हौद्यासकट जवळपास २१ फूट. आपल्याकडच्या बिल्डरांची गॅरेजं वीस फुटांची. टेप घेऊन मोजा, भिंतीलगतचा फ्रीज धरून मोजा.

हेवी ड्यूटी कुणी घ्यावा? वॉलर गावाकडे दहा-पंधरा एकर घेऊन स्किड स्टिअर, म्हणजे छोटा लोडर, हलवणाऱ्यानं. फिफ्थ व्हील, म्हणजे हौद्यातल्या जोडणीवर टेकणारा मोठा ट्रेलर, ओढणाऱ्यानं, कारण त्याचा १५ ते २५ टक्के भार ट्रकवर येतो. लँडस्केपिंगचा धंदा करणाऱ्यानं. छोटा ट्रॅक्टर वर्षातून चारदा हलवायचा असेल तर हाफ टन पुरतो.

बाकी किरकोळ. सेल्स टॅक्स ६.२५ टक्के. ट्रक-ट्रेलर मिळून २६,००१ पौंडांच्या आत असेल तर साधं क्लास सी लायसन्स चालतं. ट्रेलर ४,५०० पौंडांवर गेला की त्याला स्वतःचे ब्रेक हवेत. सात वर्षांचं कर्ज घेऊ नका.

आणि ट्रक घेतलात की तुम्ही मराठी मंडळाचे झालात. गणपतीला मखर, टेबलं, दीडशे खुर्च्या, सगळं तुमच्याच हौद्यातून येणार. नाही म्हणू नका, पण चालवायला स्वतः बसा. मी एकदा किल्ली दिली. टेलगेट, म्हणजे हौद्याचं मागचं फळकं, खाली असलं की मागचा कॅमेरा फक्त जमीन दाखवतो, हे त्या पोराला माझ्याच गॅरेजच्या दाराला टेकल्यावर कळलं.